दोन किलोमीटरवर एकदा

“आरसा केबिनकडे करा. केबिनकडे! माझ्याकडे काय बघताय, मी केबिन आहे का?” आमचे हे पिकअपच्या हौद्यात उभे राहून घर बदलणाऱ्या नर्सबाईंच्या दोघा भावांवर ओरडत होते. भाऊ बिचारे घामाघूम. कपाट सहा फुटी, नर्सबाईंच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेलं, आणि दारावर हा एवढा आरसा. नर्सबाई खाली उभ्या राहून नुसत्या हात चोळत होत्या.

“आडवंच टाकू या ना काका,” धाकटा भाऊ म्हणाला.

“आडवं टाकलं की प्रत्येक खड्ड्याचा दणका काचेला. आरसा उभाच न्यायचा. पुढे रजई, बाजूंना रजई. आणि खण काढा आधी, ते वेगळे जातील.”

हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण मी काही आज हवा खायला गाडीत बसले नव्हते. मुलानं पाठवलं होतं मला. गेल्या महिन्यात ह्यांनी एका बाईंचं शिलाई मशीन भलत्याच गल्लीत नेऊन उतरवलं. त्याआधी गाडी कुठे लावली तेच आठवेना, म्हणून तासभर बाजारात फिरत बसले. मुलगा म्हणाला, “आई, एक दिवस सोबत जा, डोळ्यांनी बघ आणि मला खरं काय ते सांग. बाबांना गाडी द्यायची की नाही, ते मग ठरवू.” म्हणजे नवऱ्याची परीक्षा घ्यायची बायकोनं! एकतीस वर्षांत ह्यांच्या गाडीतून एक काडी पडलेली नाही. मला तर मुलाचाच राग आला होता.

दोर हातात आला की आमचे हे दहा वर्षांनी तरुण होतात. आज पण तसंच. हौद्याच्या कडीतून दोर घेतला, कपाटाच्या कंबरेवरून टाकला, पलीकडच्या कडीतून ओढून परत आणला, पाय लावून असा ताणला की भाऊ दोन पावलं मागे सरकले. मग एक सरकगाठ. एकच. गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, सोडायला ज्याला दात लावावे लागतात त्यानं दोराला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कपाटाला हात लावून हलवून बघितलं. कपाट जागचं हललं नाही, अख्खी गाडी डुलली.

“असं पाहिजे,” ते म्हणाले. “सामान हलता कामा नये, गाडी हलली पाहिजे.”

नर्सबाईंची दोन वाजता ड्यूटी होती. त्या स्कूटरवरून पुढे गेल्या, भाऊ त्यांच्यामागे मोटरसायकलवर. नवीन घर बारा किलोमीटरवर. आम्ही निघालो.

पेट्रोल पंपाजवळ ह्यांनी गाडी बाजूला घेतली. “दोन किलोमीटर झाले. एकदा बघून घेतो,” म्हणाले आणि उतरले. ही त्यांची जुनीच पद्धत. दोर सुरुवातीला बसतो, बसला की सैल होतो. म्हणून दोन किलोमीटरवर एकदा उतरायचं, आवळायचं, आणि मग पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. हे परत आले, पँटला हात पुसले, निघालो. मी मनात म्हटलं, बघ रे बाबा, सगळं ठीक आहे तुझ्या बापाचं.

शाळेची भिंत आली आणि गाडी पुन्हा बाजूला.

“दोन किलोमीटर झाले. एकदा बघून घेतो.”

“अहो, कपाट नेताय की मुलगी सासरी पाठवताय?” मी म्हटलं. ते हसले, उतरले, मागे काहीतरी खुडबुड केली, आले. आरसा आहे, काळजी वाटत असेल, असं मी धरून चालले. 

पूल ओलांडला. गाडी बाजूला. हँडब्रेक ओढला तोही तसाच.

“दोन किलोमीटर झाले. एकदा बघून घेतो.”

“पुरे हं आता चेष्टा!” मी हसत म्हटलं.

“कसली चेष्टा?” त्यांनी विचारलं.

चेहरा अगदी सरळ होता हो त्यांचा. चेष्टा करताना त्यांची डावी भुवई उडते, ती काही उडाली नाही. ते उतरून मागे गेले आणि मी पुढे काचेतून रस्त्याकडे बघत बसले. खरंच विसरले? की मलाच काही कळत नाहीये? पंपाजवळ थांबलो होतो ना आपण, की नव्हतो थांबलो? क्षणभर मला माझीच खात्री वाटेना.

बरं, पुढच्याच चौकात हा माणूस म्हणतो कसा, “डावीकडून नको, तिथे वायर खाली लोंबते, आपलं कपाट उंच आहे.” डावीकडे बघितलं तर खरोखर वायर. आता सांगा! जो माणूस वायर लक्षात ठेवतो तो दहा मिनिटांपूर्वीचं विसरेल कसा? मुलाला मी सांगू काय? वायर सांगू की थांबणं सांगू? डोक्याचा नुसता भुगा झाला माझ्या.

नर्सबाईंचा फोन आला. “काकू, कुठे आहात? मला निघायचंय.”

“आलोच,” मी म्हटलं, आणि गाडी परत बाजूला लागली.

“दोन किलोमीटर...”

“आत्ताच बघितलंत ना.”

“कधी?”

“चला, मीही येते,” म्हटलं आणि खाली उतरले. मागे जाऊन बघते तर कपाट अगदी घट्ट, पण त्या एका सरकगाठीवर गाठ, तिच्यावर गाठ, तिच्यावर आणखी एक. मुठीएवढा गोळा झालेला. माझ्यादेखत ह्यांनी त्यावर आणखी एक गाठ मारली, कपाट हलवून बघितलं आणि म्हणाले, “असं पाहिजे.” मला रडूच आलं. मी पदर डोळ्याला लावला, तर म्हणतात, “धूळ गेली का गं?”

नर्सबाईंच्या दारात मात्र त्यांनी त्या अरुंद फाटकातून गाडी एका दमात मागे घेतली. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा. भावांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. हौद्याचा मागचा फाळका पाडला, हे वर चढले, दोराला हात घातला आणि थांबले.

“हे कुणी बांधलंय?” त्यांनी विचारलं.

भाऊ एकमेकांकडे बघायला लागले.

“अरे, ही काय बांधायची पद्धत झाली? इतक्या गाठी? कुणी हात लावला माझ्या दोराला?” आवाज चढला होता. 

“काका, तुम्हीच तर...” धाकट्यानं तोंड उघडलं.

“मी,” मी म्हटलं. “मी मारल्या. तुम्ही थांबला होतात ना, तेव्हा. मला भीती वाटत होती, पडेल म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “तू?”

“मग काय! मला काय कळतंय त्यातलं?”

नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. रोज आजारी माणसांत वावरणारी बाई ती, तिला सांगायला लागलं नाही. घड्याळाकडे एकदा बघितलं, आत गेली आणि सुरी घेऊन आली. गाठ दातानंही सुटणारी नव्हती. एकतीस वर्षांत ह्यांनी दोर कधी कापला नव्हता. ते खाली उतरून फाटकाकडे तोंड करून उभे राहिले, दोर कापून होईपर्यंत.

कपाट उतरलं. कुठे ओरखडा नाही, आरशाला डाग नाही. 

मी कोपऱ्यात जाऊन मुलाला फोन लावला. “नर्सबाईंच्या नव्या घरी ये,” म्हटलं. “रिक्षा कर आणि ये. गाडी तू ने.” तो काही विचारणार होता, मी फोन ठेवून दिला.

आम्ही दोघं पाडलेल्या फाळक्यावर बसलो. ह्यांनी दोराचे दोन तुकडे मांडीवर घेतले होते.

“हे बघ, असा वळसा. आणि इथून अर्धाच ओढायचा, पूर्ण नाही. कर.”

मी गाठ केली. ओढली तर अडकली.

“परत.”

चौथ्या वेळी जमली. त्यांनी टोक धरून ओढलं आणि गाठ सर्रकन सुटली. “आता कसं!” ते म्हणाले. मग दोन्ही तुकडे नीट गुंडाळून माझ्या हातात दिले, खिशातून चावी काढली आणि तीही वर ठेवली. “ठेव तुझ्याकडे. मी कुठेतरी विसरेन.”

मी चावी मुठीत घट्ट धरली.

मुलगा आला. माझ्याकडून चावी घेऊन, बापाकडे बघायचं टाळत गाडीत बसला. हे मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं चढले, मी मधे. थोडं अंतर गेल्यावर हे दाराच्या काचेतून सारखे मागे बघायला लागले, एकदा, दोनदा.

“थांबव रे जरा,” मी मुलाला म्हटलं.

“का?”

“दोन किलोमीटर झाले.”

“आई, गाडी रिकामी आहे.”

“थांबव म्हटलं ना!”

त्यानं गाडी बाजूला घेतली. हे उतरले, मागे गेले. रिकाम्या हौद्यात वाकून बघितलं, दोन्ही कड्यांना हात लावला, मग फाळका धरून हलवला. गाडी डुलली. परत येऊन त्यांनी पँटला हात पुसले आणि दार ओढून घेतलं.

“चल,” ते मुलाला म्हणाले. “काही पडलेलं नाही.”