वाणी किड्याचा थेंब आणि मी

मी एक जुनी काचेची बशी आहे. चहाची नव्हे हं, मित्रांनो! माझ्यात चहाचा घोटसुद्धा मावणार नाही. भट्टीतून निघाले, कारागिराने मधोमध इवलासा खळगा घासला आणि मी थेट प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली येऊन बसले.

तिथे नणंद-भावजय काम करत. कीटकांचं शरीर नको असलेलं पाणी आणि क्षार कसे बाहेर टाकतं, हे त्या माझ्यात बघत. "बशी असावी तर अशी!" वहिनी म्हणायच्या आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

मग आला वाणी! हात लावला की गुंडाळी करून बसणारा, पायच पाय असलेला. त्याच्या पोटातली केसासारखी मूत्रनळी काढून माझ्या खळग्यात तेलाखाली, खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि एक टोक बाहेर ओढून टाचणीला गुंडाळायचं. नळी काम करू लागली की त्या बाजूला नवा थेंब जमतो.

पण जमेल तर शपथ! नळ्या कोरड्या ठणठणीत. दोघी त्या फेकून देत राहिल्या. शेवटी एकाच वाण्याची नळी उरली आणि संध्याकाळी टेबल दुसऱ्यांना द्यायचं होतं. म्हणजे सगळ्या कामावर पाणीच!

"वहिनी, ही बशीच पांढऱ्या पायाची आहे. टाकून द्या," नणंदबाई करवादल्या.

वहिनी मात्र बाटलीकडे बघत होत्या. "खारं पाणी कालवलं कुणी?"

"मीच. नेहमीसारखं, पोटॅशियम सढळ हातानं."

"अगं वेडे, ते कीटकांना! कीटकाला सहाच पाय, वाणी कुठे कीटक आहे? माहेरची चव सासरी कशाला लादतेस? सोडियम वाढवून बघ."

नणंदबाईंनी जीभ चावली. जुनं पाणी उपसलं, नवं घातलं, त्यात ती शेवटची नळी ठेवली. आम्ही तिघी श्वास रोखून! आणि काय सांगू, टाचणीशी काहीतरी चमकलं. राईहून बारीक, पण फुगतंय, फुगतंय!

"आला, वहिनी, आला!" नणंदबाईंनी अशी मिठी मारली की सूक्ष्मदर्शक पडता पडता वाचला. मी तर आनंदाने वेडी झाले.

हल्ली मी कपाटात धूळ खाते. मला अधूनमधून पुसा, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, कुणी गप्प बसलेला दिसला, तर त्याच्यात दम नाही असं म्हणण्याआधी आपण त्याला काय दिलंय ते बघा. त्या फेकलेल्या नळ्या मला अजून आठवतात. त्याही जिवंत होत्या.