दोनच सीटची गाडी

"यात आई बसणार कशी?" दादाने विचारलं आणि बुटाच्या टोकाने त्या पिवळ्या गाडीचं चाक ढोसलं.

धाकटी त्या वेळी गाडीच्या पुढच्या भागाखाली डोकं घालून पुठ्ठ्यावर उताणी पडली होती. तिला दादाचा तो पॉलिश केलेला बूट तेवढा दिसला. बूट ओढून त्याला आडवं करावं असं तिला मनापासून वाटलं. ती टॉर्च फिरवत राहिली. गंज थोडा होता, तेल कुठे गळत नव्हतं, आणि गाडी कधी जोरात आपटल्याची खूण नव्हती.

"साहेब, ताईंसाठी तशी जरा अवघडच आहे ही," टायवाला दादाला म्हणाला. तो त्या जुन्या गाड्यांच्या दुकानातला विक्रेता. भर उन्हात टाय घालून उभा होता. "स्पोर्ट्स कार म्हणजे तरुण पोरांची हौस. विम्याचा हप्तासुद्धा जास्त बसतो. फॅमिलीसाठी मी तुम्हाला ती करडी दाखवतो. सात सीट, एकदम ऐसपैस."

"मी म्हणतच होतो," दादा म्हणाला.

साहेब! गाडी घेणार धाकटी, पैसे धाकटीचे, आणि साहेब दादा. या साहेबांना गाडी चालवता येत नव्हती. लहानपणी एकदा सायकलवरून पडले तेव्हापासून ते कायम मागच्या सीटवर बसत आले होते, आणि तिथून 'डावीकडून घे', 'ब्रेक मार', 'त्याला हॉर्न दे' असं उंटावरून शेळ्या हाकत आले होते.

धाकटी बाहेर आली, पँटवरची धूळ झटकली. "चावी द्या. चालवून बघते."

टायवाल्याने खिशातून चावी काढली आणि दादाच्या हातात ठेवली. दादाने ती घेतली, हे त्याहून वरताण. बोटावर एकदा फिरवलीसुद्धा. धाकटीने हात पुढे केला तेव्हा कुठे त्याला आठवलं.

ती इस्पितळात अँब्युलन्स चालवायची. भरतीच्या वेळी 'पोरगी काय चालवणार' म्हणणारे आता त्यांच्या घरातलं कोणी आजारी पडलं की तिचीच गाडी पाठवा म्हणत. तिची गाडी हिंदकळत नाही, अशी तिची ख्याती. मागे झोपलेल्या माणसाला वळण कळता कामा नये, हे तिने पहिल्याच महिन्यात हाडीमासी भिनवलं होतं. पुढे खड्डा किंवा गतिरोधक दिसला की ती मोठ्याने ओरडायची, "ब्रेकर! धरा!" आणि मागचा मदतनीस एका हाताने सलाइनची बाटली, दुसऱ्या हाताने माणूस धरायचा. आरशात एक डोळा आणि मागे एक कान, अशी ती पाच वर्षं जगली होती.

आणि ड्यूटी संपली की घरची ड्यूटी. घरात एक जुनी व्हॅन होती. वहिनीला माहेरी सोड, पोरांना शाळेत सोड, दादाला स्टेशनवर सोड, आईला तिच्या बहिणीकडे सोड आणि संध्याकाळी आण. "घरात ड्रायव्हर असताना टॅक्सी कशाला?" हे दादाचं लाडकं वाक्य. पाहुण्यांसमोर तो ते हसत हसत म्हणायचा आणि पाहुणेही हसायचे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचे निदान लष्कर तरी आभार मानतं. गेल्या वर्षी व्हॅन एकदाची भंगारात गेली तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं, धाकटी मात्र त्या रात्री पोटभर जेवली. आता तिने रजा विकून, जादा पाळ्या करून पैसे जमवले होते. गाडी घेणार म्हटल्यावर घरात कोणी 'कुठली' असं विचारलंच नाही. 'किती जणांची' एवढंच विचारलं. आणि आज ती एकटी निघाली तर दादा आईला घेऊन दारात तयार उभा.

टायवाला शेजारच्या सीटवर बसला आणि गाडी फाटकाबाहेर पडली. सीट इतकी खाली होती की रस्ता मांडीला लागतोय असं वाटावं. ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलेली, क्लच जड, एसीतून नुसती गरम हवा. धाकटीने सवयीप्रमाणे हळूच गिअर टाकला आणि काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी गाडी चालवू लागली.

टायवाला हसला. "मॅडम, ही अशी चालवायची गाडी नाही हो. बैलगाडी पण ओव्हरटेक करेल आपल्याला."

आता मॅडम. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर नवा बाह्यवळण रस्ता मोकळा पडला होता. तिने गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडीने आवाज काढत अशी उसळी घेतली की टायवाल्याचा टाय खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. वळणावर तिने पहिल्यांदाच वळण अंगावर घेतलं. पोट एका बाजूला गेलं, परत आलं. तिला ओरडावंसं वाटलं, आनंदाने, आणि तेवढ्यात पुढे पांढरे पट्टे दिसले.

"ब्रेकर! धरा!" ती ओरडली आणि नजर आरशात गेली.

आरशात नुसता रस्ता होता. मागे कोणी नव्हतं. मागे असं काही नव्हतंच. दोन सीट संपल्या की गाडी संपत होती.

टायवाल्याने दोन्ही हातांनी दाराची मूठ पकडली होती. "कोणाला सांगताय?"

"कोणाला नाही," ती म्हणाली. तिने गाडी कडेला घेतली. मान मोकळी झाली होती. पाच वर्षं ती मान अर्धी मागे वळलेली होती, हे तिला आत्ता कळलं. "हीच घेणार मी."

दुकानात परतली तर आई करड्या गाडीत बसलेली. मधल्या रांगेत, खिडकीशी, पट्टा लावून. गुडघ्यांच्या दुखण्यापायी आई जाईल तिथे एक छोटी उशी नेते, ती उशी टेकायला घेतलेली. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू गाडी चालूच आहे आणि बाहेर झाडं पळतायत.

"बघ, पाय पसरता येतात," आई म्हणाली. "मागे पोरं बसतील. तू पुढे."

दादा टेबलाशी उभा होता. हातात कागद. "सगळं बोललो मी दुकानाच्या मालकांशी. तुझ्या नावावरच आहे, काळजी करू नकोस. तू फक्त सही कर."

"मी ती पिवळी घेतेय."

दादा हसला. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा हसतात तसं. "अगं, दोन सीटच्या गाडीत तुझ्याशिवाय बसणार कोण?"

"तेच तर."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच बसणार."

"आणि आम्ही?"

"तू शीक की चालवायला. ही करडी तू घे. सात सीट आहेत, सातही जणांना ने."

"माझ्या वयात शिकू आता?"

"माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहेस, दादा. तीस नाही."

टायवाला पुसायला काही नसलेली काच पुसू लागला. आईने पट्टा सोडला नाही, पण खिडकी खाली केली. "चारचौघांत आवाज कशाला चढवतेस? घरच्यांसाठी चार खेपा केल्या तर काय झिजलीस?"

"हो. झिजले."

"स्वार्थी झालीयेस तू," दादा म्हणाला. आवाज शांत होता. त्या शांतपणाचाच तिला जास्त राग आला.

"स्वार्थी? तो सोमवार आठवतो तुला? नसेलच आठवत. माझ्या गाडीत एक पोरगी गेली त्या दिवशी. शाळेच्या कपड्यांत होती. मी सिग्नल तोडले, उलट्या बाजूने गाडी घातली, तरी इस्पितळाच्या दारात गेली. गाडी धुऊन घरी आले. अजून बूट काढले नव्हते, तर तू बॅग घेऊन दारात. 'बरं झालं आलीस, स्टेशनवर सोड.' सोडलं ना मी तुला? सगळ्या रस्त्याने मी रडत होते. तू मागे बसला होतास. फोनवर कोणाला तरी सांगत होतास की आमच्याकडे घरचा ड्रायव्हर आहे."

हातातले कागद दादाने उगाच नीट जुळवले.

"मला तरी सांगायचंस," आई म्हणाली.

"घरी परतले तर तू म्हणालीस, आता पोरांना आण. पोरं सुटायची वेळ झाली होती."

खरं होतं ते, आणि खरं असल्यामुळेच आईचाही चेहरा रागाने ताठ झाला. तिने पट्टा काढला, एक पाय खाली टेकला, मग दुसरा. तिला उतरवायला धाकटीचे हात आपोआप पुढे झाले. इस्पितळात दिवसभर हेच करतात ते. आईने ते बाजूला सारले. "उतरते मी माझी."

धाकटीने पिवळीचे पैसे भरले. कागद नावावर व्हायला वेळ लागणार होता, पण गाडी आजच नेता येणार होती. टायवाला आता तिच्याशी बोलत होता, नको तितकं बोलत होता. तिने त्याला हां-हूंसुद्धा केलं नाही.

फाटकाशी दादा रस्त्याकडे तोंड करून टॅक्सीला हात करत होता. एक थांबली नाही, दुसरी भरलेली होती. टॅक्सी कशी थांबवतात याची त्याला सवय नव्हती. धाकटीने गाडी त्यांच्याजवळ आणली आणि काच खाली केली. शेजारची सीट रिकामी होती. आईला घरी सोडते असं म्हणायला जीभ वळवळत होती. म्हणाली असती तर आज आई, उद्या वहिनी, आणि परवा पोरं मांडीवर.

आईच पुढे आली. वाकवत नव्हतं तरी खिडकीशी वाकली आणि हातातली उशी आत, रिकाम्या सीटवर टाकली.

"पाठीला घे. सीट फाटकी आहे ती. रात्री पाठ धरली म्हणून माझ्यासमोर कण्हायचं नाही."

"तुला लागेल ना ती. टॅक्सीत."

"जा म्हटलं ना."

धाकटी निघाली. आरशात आई आणि दादा लहान होत गेले, टॅक्सी काही थांबलेली दिसली नाही. तिला रडू येत नव्हतं, रागच येत होता. दादाचा, आईचा, त्या उशीचा. भांडायचं तर धड भांडावं माणसाने, शेवटी उशी कशाला द्यायची?

पुढे पांढरे पट्टे आले. ती ओरडली नाही, दात आवळून धरले. पण हात मात्र स्टिअरिंगवरून सुटला आणि सीटवरून घसरणारी उशी त्याने दाबून धरली, माणूस धरावा तशी.

तिने गाडी थांबवली. त्या हाताकडे बघत राहिली. मग उशी उचलली, स्वतःच्या पाठीमागे नीट बसवली आणि गिअर टाकला. पुढचा ब्रेकर तिने कोणालाही न सांगता घेतला.