चिमाला सांगायचं राहिलेलं

छायाला पनवेलच्या हॉस्पिटलातून घरी येऊन छत्तीस दिवस झाले होते, तेव्हा तिचं काळीज पुन्हा तसंच पळायला लागलं.

कडावच्या बाजारात तिचं लहानसं किराणा दुकान आहे. श्रावणातला सोमवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. ती एका गिऱ्हाइकाला साबुदाणा तोलून देत होती. छातीत काहीतरी फडफडलं, क्षणभर थांबलं आणि मग वेडंवाकडं धावत सुटलं. तिने पिशवीला गाठ मारून ती गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि तांदळाच्या पोत्यावर बसली. अर्धा तास ती तशीच बसून होती.

दोन वर्षं तिने हे सोसलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी आधी पित्त म्हटलं, मग वय म्हटलं. शेवटी कर्जतला कार्डिओग्राम काढला आणि तिथून पनवेलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट दाबले न जाता नुसते थरथरतात, रक्त तिथे साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अंग लुळं पडतं. छायाने पुढचं फारसं ऐकलंच नाही. तिची आई डावं अंग गेल्यावर तीन वर्षं खाटेवर होती, आणि तिची नाडी कधी कोणी नीट तपासली नव्हती. छायाने तिथेच होकार दिला.

जांघेतल्या शिरेतून तार घालून हृदयातल्या काही जागा डागल्या. जांघेवर वीतभर काळंनिळं पडलं, खोल श्वास घेतला की छातीत दुखायचं. जड उचलायचं नाही, रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं बजावून सोडलं. पण काळीज शांत झालं होतं. इतकं शांत की पहिल्या रात्री ती घाबरून नवऱ्याला, पोपटला, छातीवर हात ठेवून बघायला लावत होती.

आठव्या दिवशी धाकटी बहीण चिमा लोधिवलीहून भेटायला आली. चिमालाही तोच आजार होता, तिलाही तेच सांगितलं होतं, पण ती वर्षभर टाळत होती. छायाने तिचा हात धरून सांगितलं, "करून घे गं. माझं पार गेलंय बघ." चिमाने त्याच आठवड्यात तारीख घेतली.

ती तारीख आता पुढच्या सोमवारची होती.

छायाने कोणालाच काही सांगितलं नाही. पोपट म्हशीचं दूध डेअरीवर घालून आला आणि तिला पोत्यावर बसलेली बघून त्याने दम लागतोय का विचारलं, तर ती उपासामुळे असेल म्हणाली. नेरळहून मुलाचा, प्रवीणचा, रोज फोन यायचा, त्यालाही बरं आहे एवढंच. धडधड कधी तासभर राही, कधी दुपारपर्यंत. काउंटरखाली हात नेऊन ती मनगट चाचपत राही. आता सांगितलं तर चिमा जाणार नाही, आणि उद्या तिला आईसारखं झालं तर? नाही सांगितलं, तर ती आपल्या खोट्या शब्दावर जाणार. दोन्हीकडून दोष आपलाच, असं वाटून तिला जेवण जाईना.

शनिवारी चिमाचा फोन आला. बॅग भरली म्हणाली. मग म्हणाली, "ताई, मला लय भ्या वाटतंय. पण तुझ्याकडं बघते आन् धीर येतो."

रविवारी सकाळी छायाने पोपटला दुकान सांभाळायला सांगितलं आणि प्रवीणला गाडी घेऊन बोलावलं. लोधिवलीला पोचली तेव्हा चिमा ओट्यावर भाजी निवडत होती. छाया तिच्या शेजारी बसली आणि तिने आपलं मनगट पुढे केलं. चिमाने बोटं ठेवली. तिला मोजावं लागलं नाही, दोघींना ती चाल ठाऊक होती.

"कवापासून?"

"सोमवारपासून."

"सहा दिवस," चिमा म्हणाली. "आन् काल मी फोन केला तवा?"

चिमाने हात सोडला, भाजीची सुपली बाजूला सारली आणि आत जाऊन नवऱ्याला, मालोजीला, हॉस्पिटलात फोन लावायला सांगितलं. छायाशी ती त्या दिवशी आणखी एक शब्द बोलली नाही. प्रवीणही नाही.

सोमवारी दोघी एकाच गाडीतून पनवेलला गेल्या. डॉक्टर छायावर रागावले. पहिले तीन महिने डागलेल्या जागा भरत असतात, तेव्हा असं होऊ शकतं. त्यावरून उपचार फसला असं म्हणता येत नाही, पण फसणारच नाही असंही नाही. हे सोडताना सांगितलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. लपवायचं काय कारण? गोळी चुकली नव्हती म्हणून बरं. थोडी भूल देऊन, छातीला शॉक देऊन त्यांनी चाल जागेवर आणली.

ती शुद्धीवर आली तेव्हा चिमा घरी गेली होती. तिने उपचाराच्या कागदावर सहीच केली नव्हती. मालोजी प्रवीणला म्हणाला की थोरलीने आधी बोलायला हवं होतं, निदान चिमा आठवडाभर भीतीने रोज रडली नसती.

गणपतीत चिमा कडावला आली नाही. नवरात्रात छायाला पुन्हा एकदा तास-दीड तास झालं. या वेळी तिने लगेच हॉस्पिटलात कळवलं. कदाचित परत डागावं लागेल, बघू, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीनंतर चिमाचा फोन आला. "मी जातेय बुधवारी. तू सांगितलंस म्हणून नाय. डॉक्टरला माझं मी सगळं विचारलं. परत करायला लागलं तर लागलं." छाया मी येते म्हणाली, तर चिमा म्हणाली, "नको. तू घरीच थांब."

बुधवारी छायाने दुकान उघडलं, पण वजनं चुकत होती, म्हणून दुपारी बंद केलं. चारला मालोजीने कळवलं की झालं, शुद्धीत आहे. संध्याकाळी त्याच्याच फोनवरून चिमा बोलली. पाठ दुखतेय म्हणाली. छायाने दोन दिवस दुखेल म्हणून सांगितलं.

"तुझं कसं हाय?" चिमाने विचारलं.

"आज बरं हाय," छाया म्हणाली. "परवा दुपारी आलं होतं. वीस मिनिटं राहिलं."

चिमाने ते ऐकून घेतलं आणि कसं सुरू झालं, काय करत होतीस, ते विचारलं. छायाने सगळं सांगितलं.