आयुधपूजेला आलेला निरोप

मी टेलिफोन. काळा, जड, गोल तबकडीचा. मोठ्यानं बोलतो, सवय आहे. ऐकायचं तर ऐका.

सरकारी कारखान्यात झालो आणि चेन्नईला नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत आलो, जनकोजींच्या शिलाईखान्यात. तंजावरकडची मराठी माणसं. खाली मशिनी, वर ऑफिस. चौकडीचे शर्ट शिवायचे आणि परदेशी धाडायचे. गल्लीत फोन एकट्या त्यांच्याकडे, म्हणून बँकेचा साहेबसुद्धा जिना चढून यायचा आणि जनकोजी खुर्चीतून उठायचे नाहीत. लोक म्हणायचे, हुशार माणूस. हुशार कसला? फोन होता.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांना विसावा. कात्री, मशीन, मी, सगळ्यांना चंदन-कुंकू, आणि कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी शर्ट घेणारा परदेशातला साहेब माझी घंटा वाजवून थकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचाच फोन. शर्ट हवे असायचे, जातो कुठे?

आता माझी वायर कापलीय. जनकोजी गेले. मुलगा राणोजी मला टाकत नाही, एवढंच. यंदा त्यानं आपला मोबाईलही पूजेत माझ्या शेजारी मांडला. कुंकू लावलं. मला तेव्हाच धस्स झालं.

दुपारी तो चपटा थरथरला. राणोजीची मुलगी सुष्मिता, वेलचेरीला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, ती वाकली आणि हात न लावता वाचू लागली.

"अप्पा, साहेब भाव पाडून मागतोय. संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर काम दुसऱ्या देशात देतो म्हणे."

"पूजेतलं उचलायचं नाही. उद्या बोलतो."

"अय्यो अप्पा! तो उद्यापर्यंत थांबेल?"

"तुझ्या आजोबांसाठी थांबायचा."

"तेव्हा त्याला दुसरं कोणी सापडत नव्हतं!"

"भांडा, भांडा," राणोजीची बायको धनलक्ष्मी म्हणाली. "देवी बसलीय ऐकायला."

चपटा पुन्हा थरथरला. सरकत सरकत माझ्या अंगाला लागला. मला ओरडावंसं वाटलं, अरे उचल गाढवा! हा माझ्यासारखा नाही. ह्याच्या पोटात तो साहेब आणि दुनियेतले सगळे शिलाईखाने एकदम बसलेत. पण वायर नाही, आवाज कुठून काढू? संध्याकाळ झाली. समई शांत जळत होती आणि मी भीतीनं गारठलो होतो.

आज विजयादशमी. नवं काम सुरू करायचा दिवस. राणोजीनं कुंकू पुसून मोबाईल पाहिला. काम दुसऱ्या देशात गेलं होतं. त्यानं साहेबाला फोन लावला. पुन्हा लावला. तिकडे कोणी उचलेना.

खाली शिवणाऱ्या बायका आल्यात. त्याच साहेबाचं कापड पसरून मशिनी सुरू केल्यात, हसतायत. त्यांना अजून कळलेलं नाही. राणोजी जिन्याच्या तोंडाशी उभा आहे, खाली उतरत नाही.

मला फार भीती वाटते हो. तिकडे तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर त्या साहेबाला सांगा, एकदा फोन उचल म्हणावं. इथे बायका शिवायला बसल्यात.