मिनिट, सेकंद आणि आठ दिवसांची मुदत

घड्याळकाकांनी आयुष्यभर एकच तत्त्व पाळलं होतं. जे बिघडलं असेल ते उघडावं, धुवावं, पुसावं आणि पुन्हा जोडावं. चाळीस वर्षांत हजारो घड्याळं त्यांनी याच तत्त्वावर चालती केली. म्हणून सशांना पिसवा झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर टबात कोमट पाणी काढलं. ससा उघडता येत नाही एवढं भान त्यांना होतं. पण धुता तर येतो!

हे ससे घरात आले त्यालाही दोन वर्षं झाली होती. काकांचे हात थरथरायला लागले आणि दुकान बंद करायची वेळ आली. शेवटच्या दिवशी शेवटचं गिऱ्हाईक आपलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेलं आणि जाताना एक पिंजरा ठेवून गेलं. "घर बदलतोय, चार दिवस सांभाळा," असं म्हणालं होतं बिचारं. ते चार दिवस अजून संपायचे होते. काकांनी थोरल्या, गुबगुबीत सशाचं नाव मिनिट ठेवलं आणि धाकट्या, एका जागी न ठरणाऱ्याचं सेकंद.

"माणसं कुत्र्यामांजरांना सरळ नावं ठेवतात," काकू म्हणाल्या होत्या. "आणि तुम्ही ही असली!" तेव्हापासून काकू त्या दोघांचा उल्लेख 'तुमचे ते' असाच करत.

काकांना त्याचं काही वाटत नसे. मिनिट मांडीवर येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर बोटं ठेवली की बोटं थरथरायची विसरत. दुकान गेल्याचं दुःख या दोघांनी कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर निम्मंशिम्मं खाऊन टाकलं होतं. काकांचा जीव त्यांच्यात अडकला होता. हे ते कुणाजवळ बोलत नसत, पण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मग एके दिवशी काकूंच्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या. काकांनी ड्रॉवरमधलं भिंग डोळ्याला लावलं, सेकंदच्या पाठीवरचे केस फुंकून बाजूला केले आणि तिथले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. कणांभोवती तांबूस डाग पसरले. रक्तच ते, पिसवांच्या विष्ठेतलं. काकांनी भिंग काढलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आठ दिवस देते. आठव्या दिवशी एक जरी पिसू दिसली, तर तुमचे ते दोघे माझ्या भावाच्या मळ्यावर. तिथे हुंदडायला जागाही आहे."

मळा सहा तासांच्या अंतरावर होता. काकांनी लगेच टब भरायला घेतला.

मिनिटला पाण्यात सोडलं, तर तो अगदी गप्प झाला. पाय नाही झाडले, काही नाही. "बघ, कसा शांत बसलाय! आवडलं त्याला," काका खूश होऊन म्हणाले.

काकूंनी दारातून पाहिलं मात्र, हातातला झारा तसाच टाकून त्या धावल्या. "अहो, शांत कसला? बंद पडलाय तो! भीतीने डोळे बघा केवढे झालेत. काढा आधी बाहेर!"

टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या मिनिटचं काळीज धडधडताना काकांना हाताला कळत होतं. तो पुरता कोरडा होऊन गवत चघळायला लागेपर्यंत काकांनी चहासुद्धा घेतला नाही. सशाच्या बाबतीत आपलं तत्त्व वापरायचं नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. कुणाला काही झालं की मास्तरांकडे औषध तयारच असे. "आमच्या कुत्र्याच्या पिसवांचं उरलंय," म्हणत त्यांनी एक इवलीशी नळी पुढे केली. "अर्धी टाका. ससा म्हणजे काय हो, अर्धं कुत्रंच."

हिशोब काकांना पटण्यासारखा होता. नळीचं टोक तोडायला त्यांनी चिमटासुद्धा उचलला. पण चाळीस वर्षांची सवय आडवी आली. भिंतीवरच्या घड्याळाचं तेल मनगटी घड्याळात घालायचं नसतं. अर्धा थेंबही नाही. नळी खिशात, ससे टोपलीत आणि काकू सोबत, अशी सगळी वरात गुरांच्या दवाखान्यात पोहोचली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला फटकळ. त्यांनी नळीवरची अक्षरं वाचली आणि ती सरळ आपल्या ड्रॉवरमध्ये बंद केली.

"काका, हे टाकलं असतंत तर आज ससे घेऊन नाही, रडत आला असतात. यातलं औषध कुत्र्याला चालतं, सशाला विष आहे."

"अर्धंच टाकणार होतो," काका पुटपुटले.

"विषाचं अर्धं म्हणजे विषच. आणि अंघोळ वगैरे नाही ना घातलीत?"

काका छताकडे बघायला लागले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंना उत्तर मिळालं.

"परत घालू नका. घाबरून जीव जातो त्यांचा." मग त्यांनी दोघांना एकेक करून काट्यावर ठेवलं. मिनिट पावणेदोन किलो, सेकंद सव्वा. वजनाप्रमाणे औषध मोजून, मानेमागचे केस विंचरून, जिथे जीभ पोहोचत नाही नेमक्या तिथे कातडीवर थेंब सोडले. "हे सशाला चालतं, पण माझ्याशिवाय कुणाच्या हातून नाही. घरी बारीक दातांच्या फणीने रोज विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. अंथरूण कढत पाण्यात धुवा. फरशीच्या फटी, गालिचे, सगळं रोज साफ करा, कारण अंडी तिथे असतात. आणि या पिसवा बहुतेक मांजराच्या आहेत. घरात मांजर आहे?"

"नाही हो!" काकू म्हणाल्या. त्या इतक्या झटकन म्हणाल्या की डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं.

"असलं तर त्यालाही औषध हवं. नाहीतर ही सगळी मेहनत पाण्यात."

पुढचे सात दिवस काकांनी जे काम केलं, ते दुकानाच्या भरभराटीतही केलं नव्हतं. सकाळी डोळ्याला भिंग लावून ते फणी घेऊन बसत. पहिल्या दिवशी अकरा पिसवा पाण्यात गेल्या, दुसऱ्या दिवशी सहा. चादरी उकळल्या, सतरंज्या झटकल्या, कपाटं सरकवली. काकूही कुरकुरत का होईना, झाडू घेऊन मागे असत. फक्त स्वयंपाकघर मी बघते, तिथे तुम्ही लुडबुडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. पाचव्या दिवशी एक सापडली. सहाव्या आणि सातव्या दिवशी फणी कोरी निघाली. काका शीळ घालायला लागले.

आठव्या दिवशी सकाळी सेकंदच्या कानामागे फणी फिरवली आणि तिच्या दातांत एक पिसू वळवळली. चांगली टुणटुणीत.

साबणाचं पाणी हाताशी होतं. काकू आत होत्या. बुडवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. काकांनी सेकंदकडे पाहिलं, तो गवताची काडी ओढत होता, आणि त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं. पण गिऱ्हाइकाच्या घड्याळातला बिघाड त्यांनी कधी लपवला नव्हता, तर बायकोपासून काय लपवणार? त्यांनी पिसू पांढऱ्या कागदावर ठेवली, वर मनगटी घड्याळाची जुनी काच झाकली आणि कागद घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.

"मुदत आजची होती," ते म्हणाले. "एक निघाली. मळ्यावर कधी निघायचं ते सांग." हात असे थरथरत होते की काच कागदावर खुळखुळत होती.

काकूंनी वाकून त्या काचेखाली पाहिलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"ठेवा ते खाली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

दारातून एक भला थोरला करडा बोका आत आला. घर आपल्याच नावावर असावं अशा थाटात त्याने काकूंच्या घोट्यांना अंग घासलं, काकांना ओलांडलं आणि पिठाच्या डब्यामागे दडवलेल्या उशीवर जाऊन कान खाजवू लागला. शेजारी दुधाची वाटी होती.

"तीन महिने झाले," काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तुम्हाला तुमचे ते दोघे होते. मला वाटलं, मलाही एखादा... डॉक्टरीणबाईंपुढे तोंड उघडेना. म्हटलं, एवढ्या साफसफाईने जातील सगळ्या."

काका उशीकडे बघत होते. "म्हणजे चोर स्वयंपाकघरात दूध पितोय," ते सावकाश म्हणाले, "आणि फाशी माझ्या संन्याशांना?"

काकूंनी मान खाली घातली. पण काकांच्या मिशीचं टोक हललेलं त्यांना दिसलं आणि त्यांनाच आधी हसू फुटलं. मग काकांना. दोघं इतकी हसली की मास्तर वरून, काय झालं, औषध आणू का, असं विचारायला लागले.

तासाभरात वरात पुन्हा दवाखान्यात. या वेळी बोका भाजीच्या पिशवीत होता.

डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या. "घरात मांजर नाही म्हणाला होतात, काकू."

"घरात कुठे? स्वयंपाकघरात आहे," काकू ठसक्यात म्हणाल्या.

बोक्याचं वजन झालं, मांजराचं औषध त्याच्या मानेवर पडलं, काकूंनी त्याला बाळासारखं धरून ठेवलं. पिसवा हटायला अजून काही आठवडे लागतील, झाडू सोडू नका, असं बाईंनी सांगितलं. मळ्याचं नाव कुणी काढलं नाही. बाईंनी कार्ड पुढे ओढलं.

"नाव काय याचं?"

"अजून काही ठेवलं नाही," काका म्हणाले. "कालपर्यंत हा..."

"तास," काकू म्हणाल्या.

काका वळून त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघताय काय? पहिल्याच दिवशी ठेवलंय," काकू बोक्याचे कान सारखे करत म्हणाल्या. "आपल्या घरात सेकंद आहे, मिनिट आहे. मग पुढचं नाव दुसरं काय असणार?"