विचाराधीन

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली सुगंधा गायकवाड ही पहिलीच मुलगी. पंच्याऐंशी साली ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. राज्यशास्त्र नुसतं पुस्तकातून कळत नाही, असं प्राध्यापकांना अचानक वाटलं आणि त्यांनी अख्खा वर्ग एका सहामाहीसाठी सरकारी कचेऱ्यांत वाटून टाकला. सुगंधाच्या वाट्याला फोर्टातली एक तक्रार शाखा आली.

हेडक्लार्क मार्तंडरावांनी पाच वर्षांचे तुंबलेले अर्ज तिच्यापुढे ठेवले. "प्रत्येकाला एकच उत्तर. 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' उत्तर गेलं की अर्ज निकाली."

"पण विचार कोण करतंय?"

"शिकायला आलीस ना? मग शीक."

सुगंधा शिकली. दिवसाला तीस अर्ज निकाली काढू लागली. तिसऱ्या आठवड्यात एक अर्ज हाती आला. वस्तीला नळ मिळावा. खाली मालन गायकवाडचा, म्हणजे तिच्या आईचा अंगठा आणि वर सुगंधाचंच दहावीतलं अक्षर.

ती उठून मार्तंडरावांकडे गेली. "हा माझ्या आईचा आहे."

"मग बरंच झालं. पत्ता चुकायचा नाही."

चार दिवसांनी पत्र डोंगरावर पोचलं. मालनने ते दारोदार फिरवलं.

"आई, ते मीच लिहिलंय गं," सुगंधा कळवळून म्हणाली.

"तुझं अक्षर मला कळत नाय व्हय? पण सही सायबाची हाय ना!"



सहामाही संपली. विक्रमी संख्येने अर्ज निकाली काढल्याबद्दल तिला प्रमाणपत्र मिळालं. पुढच्याच सोमवारी ती आईसह बारा बायका आणि बारा रिकामे हंडे घेऊन कचेरीत हजर झाली.

"अगं, प्रमाणपत्रात काही चुकलं का?" मार्तंडरावांनी विचारलं.

"नाही साहेब. आज अर्जदार म्हणून आलेय. आमच्या नळाचा विचार कुठल्या टेबलावर चाललाय, तेवढं दाखवा."

असं टेबल कचेरीत नव्हतंच. बायका तीन दिवस व्हरांड्यात बसून राहिल्या. ये-जा करणारे साहेबलोक हंड्यांना अडखळू लागले, तसा चौथ्या दिवशी एक इंजिनियर धापा टाकत डोंगर चढला. दिवाळीआधी वस्तीला नळ आला.

कॉलेजात मात्र सुगंधा जेमतेम पास झाली. कचेरीतल्या कामाच्या अहवालात तिने व्हरांड्यातले तीन दिवसही लिहिले होते. प्राध्यापकांनी समासात लाल शाईने शेरा मारला, 'विषयांतर.'