फळ काळं होईस्तोवर

तुमच्या बासुंदीत जी चारोळी पडते, ती माझ्या फळाच्या पोटातली. मी चाराचं झाड. गिरडच्या टेकडीमागच्या जंगलात, मुरमाड उतारावर उभं आहे. मला कुणी लावलं नाही. एका अस्वलानं कुठंतरी पोटभर चारं खाल्ली आणि इथं बी टाकलं, एवढंच माझं कूळ.

नव्वद सालच्या सुमारास पायथ्याच्या गावातली देवकाबाई माझ्याकडे यायची. वैशाखात फळं काळी पडली की पदर खोचून माझ्यावर चढायची. हात पुरेल तेवढं तोडायची, शेंड्याचं पाखरांना सोडायची. तोडता तोडता एखादं फळ चोखून बी थुंकायची. पावसात त्यातलं एखादं रुजायचं.

मग चारं विकत घ्यायला सिंदीच्या ताराचंदशेठचा टेम्पो जंगलाच्या तोंडाशी उभा राहू लागला. माणूस वाईट नव्हता. फक्त माल हिरवा की पिकला, हे विचारायचा नाही. जो आधी येई, त्याला फळ मिळे. म्हणून माणसं दरवर्षी थोडी आधी येऊ लागली. वैशाखाचा चैत्र झाला. दाणा भरायच्या आतच फळं ओरबाडली जाऊ लागली. पुढे चढायलाही कुणाला सवड उरली नाही, कुऱ्हाडी आल्या.

माझी सगळ्यात मोठी फांदी देवकाबाईच्या मुलानं, अंकुशनंच पाडली. ती धावत आली.

"काऊन रे, फांदी काऊन तोडून राह्यला?"

"माय, मी नाई तोडलं त दुसरा तोडन. मंग आपल्या हाती काय, निस्ते देठ?"

पुढच्या वर्षी तीही चैत्रातच आली. वर न बघता हिरवी फळं ओढत राहिली. मला तिचा राग आला नाही. तिनं सोडलेलं फळ दुसऱ्याच्या टोपल्यात जाणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

बघता बघता माझ्या शेजारची झाडं वाळली. उतारावर नवं रोप दिसेना. हिरवं फळ रुजत नाही.

दोन हजार चारच्या चैत्रात देवकाबाई गावातल्या बायांना घेऊन माझ्याखाली आली.

"फळ काळं झाल्याबिगर कोनी हात लावाचा नाई. मी नाई, माहा पोरगाही नाई."

"अन् बाहेरगावचे आले त?" अनुसयाबाईनं विचारलं.

"त आपन इथंच बसून राहू."

आणि त्या खरंच बसल्या, पाळीपाळीनं, भाकरी बांधून आणून. अंकुश चिडला. "तवरिक खायाचं काय?"

"मजुरीले जाऊ. वैशाख का लय दूर हाय?"

ताराचंदशेठ आला, रिकामा टेम्पो घेऊन परतला. "वैशाखात येजा, शेठ," देवकाबाई म्हणाली.

त्या वैशाखात फळं काळी झाली. फार नव्हती. सगळ्यांनी मिळून तोडली आणि शेंडा राखला. पावसाळ्यात खालच्या अंगाला दोन रोपं उगवली.

आता माझं खोड वाळवीनं पोखरलंय. मी फार दिवस टिकेन असं नाही. देवकाबाईलाही चढ चढवत नाही. माझं मागणं एवढंच, की खालच्या त्या रोपांना फळ धरेल तेव्हा जरा थांबा.

यंदाच्या चैत्रात माझ्याखाली अंकुश बसला होता. परगावचा एक माणूस टोपलं घेऊन आला.

"कोनाचं झाड हाय हे?"

"कोनाचंच नाई," अंकुश म्हणाला. "म्हनून त बसून राह्यलो."